पांढरी पिन

लालमध्ये लाल, पांढऱ्यात पांढरी, पिवळ्यात पिवळी. पिना दाबून बसवल्या, मागे सरलो, गुडघ्यांवरची धूळ झटकली आणि बायकोला म्हणालो, "मार बटण."

तिने बटण मारलं. दिवे लागले. आवाज नाही, चित्र नाही.

पांडेसऱ्याच्या कापडमिलमध्ये माझी हयात रंगात गेली. मरून आणि वाइन, पिस्ता आणि सी-ग्रीन यांच्यातला फरक मी झोपेतून उठवलं तरी सांगतो. तिथे मला मास्टर म्हणतात. अशा मास्टरने रंगाला रंग मिळवून जुना डिस्क प्लेअर नव्या होम थिएटरच्या रिसीव्हरला जोडला होता, आणि चार कोपऱ्यांच्या खोलीत पाच स्पीकर उत्तर न येणाऱ्या पोरांसारखे गप्प उभे होते. मी प्लेअरला थापटलं. डिस्क काढून बनियनला पुसली, तिच्यावर फुंकर मारली, परत घातली. शेवटी दुकानदाराला फोन लावला. तो शांत गुजराती माणूस. "मास्टर, पाछळ शुं लखेलुं छे ते वांचो ने," म्हणाला. मागे काय लिहिलंय ते वाचा म्हणे! आम्ही रंगवाले, अक्षरं वाचायची वेळ आमच्यावर फारशी येत नाही.

बायकोने मोबाइलचा टॉर्च रिसीव्हरच्या पाठीवर मारला आणि वाकून बघितलं.

"अहो, इथे 'आउट' लिहिलंय."

"मग?"

"मग आवाज डब्यात घालायचाय की डब्यातून काढायचाय?"

रंग सगळे बरोबर होते. रांग चुकली होती. मी परत जमिनीवर आडवा झालो. या वयात माणूस आडवा होतो ते सहज, उठतो ते सूचना देऊन.

समोर पाटावर माय बसली होती. सकाळीच आंघोळ करून, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, सिनेमाला निघाल्यासारखी. "झायं का, बापू?" तिने विचारलं. मी हाताने 'थांब' अशी खूण केली, कारण तोंडाने सांगून उपयोग नव्हता. माय आता ऐंशीला टेकली आहे. तिच्यामागे पितळी तपेलं पडलं तरी ती वळत नाही. कानाचं मशीन आणलं होतं; ते कानात कमी आणि देवघरातल्या डबीत जास्त राहिलं. "कानमां पोपट ओरडस," एवढंच तिचं म्हणणं.

आणि या नवरात्रात शेजाऱ्यांनी होम थिएटर आणलं. आमच्या डिंडोलीच्या घरांची मधली भिंत एकच, ती थरथरायला लागली. माय त्या भिंतीला पाठ लावून मेथी निवडत बसली होती. एकदम ताठ झाली. "कोन वाजवस रे?" किती तरी महिन्यांनी तिने कुठल्या आवाजाची विचारपूस केली होती. दुसऱ्या दिवशी तिने मागणं घातलं. असा मोठा डबा आण, त्याच्यावर वंदूची सीडी लाव.

वंदू म्हणजे वंदना, माझी धाकटी बहीण. तिच्या लग्नाची ती सीडी. तीत एक जागा आहे. पाठवणीच्या वेळी, जीपमध्ये चढता चढता वंदू थांबते, वळते, मायपाशी परत येते आणि काहीतरी विचारते. सांगत नाही, विचारते. भुवया वर जातात तिच्या. माय डोळे पुसत हसते आणि मान डोलावते. हो. हो. बँडवाले तेव्हा मायच्या कानाला लागून उभे होते, तिला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. पण लेक निघताना काही विचारतेय, तिला नाही कोण म्हणेल? मायने मान हलवली. वंदू गेली. आणि वर्ष भरायच्या आत कायमची गेली.

आपण कशाला हो म्हणालो, हे मायला आजवर माहीत नाही. सीडीतून कळायची सोय नव्हती, कारण शूटिंगवाल्याने सगळ्या लग्नावर सिनेमाची गाणी चढवली होती. वंदूचे ओठ हलतात आणि भलतीच बाई गाते. तरी मायचा एकच हेका, "गानाखाले तिना आवाज शे." गाण्याच्या खाली तिचा आवाज आहे. मोठ्याने लावलं तर गाणंच मोठ्याने ऐकू येईल, हे मी तिला सांगून सांगून थकलो. मग थकून होम थिएटर आणलं.

प्लेअर मात्र तोच. माळ्यावर, मायच्या जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधून ठेवलेला. गाठ सोडली तेव्हा डांबरगोळ्यांचा वास आला, त्याच्याखालून जुन्या धुळीचा, आणि त्याच्याही खालून, मला वाटलं तरी, डिंकाचा. आमच्या घराला तेव्हा डिंकाचाच वास असायचा. माय घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायची. खोलीभर साड्या पसरलेल्या, मध्ये चालायला वीतभर वाट, आणि त्या वाटेवरून वंदू एका पायावर उड्या मारत मोरीपर्यंत जायची. टिकली कुठेही निघायची. भाकरीत निघायची, वहीत निघायची, नानांच्या मिशीत निघायची. नाना, म्हणजे आमचे वडील, तशीच मिशी घेऊन कामाला जायचे आणि दिवसभर चमकून परत यायचे.

शाळेच्या वाटेवर खाडी होती. मिलांचं पाणी तिच्यात यायचं, आणि दर दिवशी तिचा रंग वेगळा असायचा. वंदू माझ्या आधी पुलावर पळायची आणि ओरडायची, "आज राणी कलर!" मग मी म्हणायचो, राणी नाही, मजेंटा. भांडण व्हायचं. कुणाच्या तरी लग्नाच्या साड्या आज रंगल्या, असं ती म्हणायची. काळं पाणी आलं की तिला आवडायचं नाही. ते का येतं, ते मिलमध्ये लागल्यावर मला कळलं. बिघडलेला लॉट काळा करतात. पिवळ्यावर डाग पडला, गुलाबी फाटका आला, काही सुधारत नाही असं दिसलं की मास्टर म्हणतो, टाका काळ्यात. काळ्याखाली सगळं जातं. आता मीच म्हणतो ते, दिवसातून एकदा तरी.

थंडीत पोंक यायचा, ज्वारीचा कोवळा हुरडा, भाजलेला, हिरवा वास हाताला धरून राहायचा. संक्रांतीच्या आधी रस्त्याच्या कडेने मांजा रंगवणारे बसायचे. वंदूचे दोन्ही हात कोपरापर्यंत गुलाबी होऊन यायचे, आणि माय म्हणायची, "हाई पोर कोना घर जाई व्हई!" ही पोरगी कुणाच्या घरी जाणार कुणास ठाऊक. तेव्हा ते वाक्य गमतीचं होतं.

नाना लूमखात्यात होते. संचे, म्हणजे माग, चालू असले की तिथे माणसाचा आवाज माणसाला ऐकू येत नाही. आरडाओरडा करणारा नवा असतो. जुना कारीगर नुसते ओठ हलवतो, आणि खात्याच्या त्या टोकाचा माणूस वाचतो. बॉबिन संपली, शेठ आला, चहा सांग, बायको बाळंत झाली, सगळं ओठांवर. नानांना त्याची इतकी सवय की रस्त्यापलीकडे दोन बाया बोलत असल्या तरी नाना आमच्या ओट्यावरून सांगायचे, "भाजी खारट झाली म्हनस ती." घरात मात्र ते संच्याच्या वरताण ओरडून बोलायचे. मीठ मागितलं तरी गल्लीला कळायचं. आम्हा भावंडांना त्यांच्यासमोर गुपित बोलायची सोयच नव्हती. कुजबुजायचं ते तोंडावर हात धरून. वंदू तर झोपेतसुद्धा तोंडावर हात ठेवायची. "नाना सपनं वाचतीन," म्हणायची.

लग्न माघात झालं, डिंडोलीच्याच मोकळ्या प्लॉटवर मांडव घालून. नवऱ्याकडचे शहाद्याच्या बाजूचे. वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, तुपाची धार. शेणीच्या आगीत भाजलेल्या बट्ट्यांचा वास आदल्या रात्रीपासून कपड्यांत शिरलेला. चौकातल्या स्टुडिओवाल्याला शूटिंग दिलं होतं. तो तरुण होता आणि त्याच्यात कला होती. त्याने वंदूचा चेहरा कमळात बसवला, कमळ फिरवलं, मग तेच सफरचंदात बसवलं. एक अख्खी डिस्क नुसते जेवणारे लोक. आमचे एक मामा बट्टी मोडताना मोठ्या विरहगीतासह दिसतात, आणि गाणं संपेपर्यंत त्यांचा घास उतरत नाही.

सीडी होळीच्या आधी आली. मी पहिल्या पगाराच्या गुर्मीत प्लेअर आणला, आणि जोडायला बसलो. आमचा टीव्ही जुना. त्याच्या पाठीला भोकं दोनच. एक चित्राचं पिवळं, एक आवाजाचं. वायरीला पिना तीन. उरलेल्या एका भोकात लाल घालायची की पांढरी? गल्लीतले चार जण जमले होते. मी मिलमध्ये नुकता लागलेला, इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली महिनाभर काढलेला. तिथला पहिला धडा एकच, करंट लालमध्ये असतो. लाल सोडायची नाही. मी चार जणांत ठसक्यात सांगितलं, "लाल म्हणजे मेन. पांढरी फालतू." लाल लावली. आवाज आला. माझा मान वाढला. आणि लोंबणाऱ्या पांढऱ्या पिनेचा कुणाला शॉक बसू नये म्हणून मी तिला काळी टेप गुंडाळली. चांगली तीन-चार पदरी, ओढून ओढून.

शॉक! आवाजाच्या पिनेचा!

आज ती टेप नखाने खरवडून काढली. तिचा डिंक पाघळून चिकट झाला होता, बोटांना लागला, रॉकेलने धुतला तरी गेला नाही. आत पिन नवीकोरी होती.

सीडी पहिल्यांदा लावली त्या दिवशी घर भरलेलं होतं. लोक स्वतःला शोधत होते, सापडले की ओरडत होते. नाना बशीतून चहा पीत बसले होते. पाठवणीची जागा आली. लग्नात त्या वेळी नाना जीपच्या मागे बॅगा बांधत होते, त्यांनी ते बघितलंच नव्हतं. वंदू वळली, परत आली, तिचे ओठ हलले, मायने मान डोलावली. नानांनी बशी खाली ठेवली.

"परत लाव," ते म्हणाले.

मी मागे घेऊन परत लावलं. त्यांनी पुढे वाकून बघितलं. मग उठले आणि बाहेर गेले. चपला दारातच राहिल्या होत्या. बाया म्हणाल्या, बापाचं काळीज. त्यानंतर ती सीडी पुष्कळदा लागली, पण नाना तिच्यासमोर बसले नाहीत.

मग आखाजी आली. आमच्या खानदेशात अक्षय्य तृतीया म्हणजे सासुरवाशिणींची दिवाळी. वंदू आली. गौराई बसली, खापरावरचे मांडे झाले, आमरसाने हात पिवळे झाले. सोसायटीच्या कडुनिंबाला दोर बांधून पोरींनी झोका केला होता. त्यांची गाणी दुपारभर चालायची, वर जाताना चढणारी, खाली येताना तुटणारी. वंदू झोक्यावर गेली नाही. तिने घरातली सगळी भांडी घासली. घासलेली परत घासली. मी चिडवलं, "सासरची सवय लागली का?" ती हसली, आणि हसताना तोंडावर हात धरला.

निघायच्या दिवशी मायने पिशवी भरली, सांजोऱ्या, पापड, कैऱ्या. वंदू पिशवीकडे बघत म्हणाली, "आजून थोडा दिन ऱ्हाऊ का?"

"लोके काय म्हनतीन?" माय म्हणाली. "वाट देखत व्हतीन तठे."

आणि नाना, जे आयुष्यात मायच्या शब्दापुढे गेले नाहीत, जे मीठही ओरडून मागायचे, ते हलक्या आवाजात म्हणाले, "ऱ्हाऊ दे ना वं तिले."

"तुम्ही गप बसा," माय म्हणाली. "पोरना भलासाठेच सांगस मी."

वंदू मायकडे बघत राहिली. मग पिशवी उचलली. नाना तिला उधन्याला भुसावळ पॅसेंजरमध्ये बसवून आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

पुढचं मी कधी नीट सांगू शकलो नाही, आजही सांगत नाही. श्रावणात फोन आला. आम्ही गेलो तेव्हा तिकडे पाऊस लागला होता आणि सगळं उरकून झालं होतं. वंदूची ट्रंक त्यांनी ओट्यावर आणून ठेवली होती.

त्यानंतर माय सीडी लावायला सांगायची. रोज. पाठवणीच्या जागेवर थांबायची. "काय बोलनी व्हई ती?" प्रत्येकाने आपापलं उत्तर दिलं. मावशी म्हणाली, रडू नको म्हणाली असेल. मामी म्हणाली, डब्याची किल्ली विचारली असेल. मी म्हणालो, जाऊ दे गं. नाना काहीच म्हणाले नाहीत. एका दुपारी माय बाजारात गेली असताना त्यांनी प्लेअर, वायर, सीड्या सगळं धडप्यात बांधलं आणि माळ्यावर टाकलं. परत आल्यावर माय खूप बोलली. नाना तिच्याकडे पाठ करून बसले होते. माझं लग्न झालं, नाना गेले, टीव्ही बदलले, लूमखातं गेलं तिथे दुकानं झाली. गाठ कुणी सोडली नाही.

"लागलं!" बायको म्हणाली.

पडद्यावर कमळ फिरत होतं. आणि उजव्या स्पीकरमधून गाणं आलं, तेच. डाव्या स्पीकरमधून मात्र गोंगाट येत होता. मी म्हणालो, डावा फुटका निघाला, दुकानदाराने फसवलं. उठलो, डाव्याला थापटलं. थापटताना कान त्याच्याजवळ गेला, आणि त्यातून कुणीतरी ओरडलं, "पाण्याचे तांबे कुठे नेले रे?"

तो मी होतो. मिसरूड फुटलेला, घाईत असलेला मी.

बायको माझ्याकडे बघत होती. ती या घरात वंदूच्या नंतर आली. वंदूला तिने फोटोत पाहिलेलं, आवाज कधीच नाही. तिला माझ्या आधी कळलं. ती म्हणाली, "अहो, तो लाल काढा."

मी लाल पिन ओढली. गाणं मेलं. खोलीत लग्न सुरू झालं.

स्टुडिओवाल्याने गाणी एका बाजूला चढवली होती आणि लग्नाचा खरा आवाज दुसऱ्या बाजूला तसाच सोडला होता. पांढऱ्या पिनेत. हळदीच्या बाया गात होत्या, आमच्या बोलीत, बेसूर, एकीच्या मागे एक. कुणाचं तरी पोर फुग्यासाठी रडत होतं. नाना ओरडत होते, "बठा, बठा, पंगत बठी ऱ्हायनी!" गेलेल्या माणसाचा तो दणदणीत आवाज ऐकून मी आजही जागेवर सरळ बसलो. मग वंदू हसली, आणि तिचा आवाज बसलेला होता. लग्नाच्या धावपळीत सर्दी झालेली. तिचा आवाज बसला होता हे मी पार विसरून गेलो होतो. इतकी वर्षं मी मनात तिचा चुकीचा आवाज वापरत होतो.

माय पाटावरून सरकत डाव्या स्पीकरपाशी गेली होती. तिने त्याच्या तोंडावर तळवा ठेवला. "वाजस," ती म्हणाली. "काय वाजस?" मी आवाज वाढवला. अजून वाढवला. भांडी कणकणली. शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारली. मायच्या तळव्याला हळद लागली असेल, बँड लागला असेल. कानाला काही लागलं नाही.

आणि ती जागा आली. जीप, गर्दी, मायच्या खांद्याशी क्लॅरिनेट. शूटिंगवाला रडणारी नवरी टिपायला वंदूच्या अगदी तोंडाशी शिरला होता, म्हणून बँडच्याही वर तिचा घोगरा आवाज स्वच्छ आला.

"माय, माले तठे नई करमनं ते परत येऊ का वं?"

आई, मला तिकडे नाही करमलं, तर परत येऊ का?

पडद्यावरच्या मायने मान डोलावली. हो. हो.

मी थांबवलं. परत लावायची गरज नव्हती. परत लावायला सांगणारा माणूस, आमचा बाप, एकच झाला, आणि त्याला आवाजाचीही गरज पडली नव्हती. सगळ्या भरल्या घरात त्याने एकट्याने ते बशीच्या वरून वाचलं होतं. मग तो आखाजीला हलक्या आवाजात बोलला, मग पाठ करून बसला, आणि पाठ करून बसलेलाच गेला. वंदू त्या दिवशी पिशवी उचलायच्या आधी मायकडे तशी का बघत राहिली होती, तेही मला आता समजलं. शब्द देऊन नंतर ओळख न दाखवणाऱ्या माणसाकडे बघतात तसं.

"काय बोलनी?" मायने विचारलं.

तिचा हात अजून स्पीकरवर होता. तिचं तोंड माझ्याकडे वळलं होतं, डोळे माझ्या ओठांवर. बहिरी झाल्यापासून ती माणसांच्या ओठांकडेच बघते.

"सांग ना रे बापू. ऐकू ऊनं ना तुले? मी कसाले हो म्हननी?"

बायको दाराला टेकून उभी होती. तिनेही ऐकलं होतं.

मी मायसमोर बसलो. तोंडावर हात न धरता, एकेक शब्द ओठांनी नीट मोठा करून म्हणालो, "ती म्हननी, माय, तू जेवी ले."

तू जेवून घे. एवढंच सुचलं. टाका काळ्यात.

मायने ते ओठांवरून उचललं, आपल्या ओठांनी एकदा म्हणून बघितलं. मला वाटलं, आता हिचा जीव निवेल. पण तिचा चेहरा हळूहळू पडत गेला.

"पन मी जेवनीच नव्हती त्या दिन," ती म्हणाली. "तिले हो म्हननी, नि जेवनी नई. खोटी पडनी मी, बापू. पोर पुसी गयी, नि मी खोटी पडनी."

तिला समजावायला माझ्याकडे दुसरं खोटं नव्हतं. ती पाटावरून उठली, भिंत धरून स्वयंपाकघराकडे गेली आणि सुनेला म्हणाली, "मीना, ताट वाढ वं."

दुपारचं जेवण होऊन तासभर झाला होता. बायकोने ताट वाढलं, भाकरी, वांग्याची भाजी, वरण, वर तूप. माय मांडी घालून बसली आणि जेवली. पोट भरलेल्या माणसाने जेवावं तसं, घासाघासाला थांबत, पाण्याने ढकलत. मध्येच उचकी लागली तरी उठली नाही. शेवटचा भाकरीचा तुकडा ताटाभोवती फिरवून तिने ताट स्वच्छ केलं, आणि पडद्यावर थांबलेल्या वंदूकडे बघून मान डोलावली. मग जाऊन कुशीवर झोपली. भिंतीकडे तोंड करून.

मी रिसीव्हर बंद केला. पिना एकेक करून ओढल्या आणि वायर हातावर गुंडाळत बसलो. बायको हात पुसत बाहेर आली, माझ्याशेजारी जमिनीवर बसली. मला वाटलं, म्हणेल, बरं केलंत खोटं बोललात ते. किंवा म्हणेल, खरं सांगायला हवं होतं. दोन्हीला मी उत्तर तयार करत होतो.

घरात हळू बोलायची काही गरज नव्हती, तरी ती हळू बोलली.

"पाठवणीला मी पण विचारलं होतं माझ्या आईला. अगदी हेच." मग म्हणाली, "तिला नीट ऐकू आलं होतं."